रक्ताचा सातबारा कुणाच्या नावावर?



पाऊस सरला, नाले उतरले, रस्ते वाळले. आता पाड्यांवर बाहेरच्या माणसांची ये-जा सुरू होईल. दरवर्षी होते. कुणी जुन्या ज्वारीचं, बाजरीचं बी मागायला येतं. कुणी वैदूला सोबत घेऊन जंगलात पाला-मुळ्या बघायला जातं. आणि अलीकडे दोन-तीन वर्षं आणखी एक पथक येतं. ते पेटी उघडतं, दंडाला रबर बांधतं, रक्त काढून नळ्यांत भरतं, नाव-गाव-जमात लिहून घेतं आणि दिवस मावळायच्या आत निघून जातं. आपण त्यांना चहा पाजतो. गाडी रुतली तर ढकलूनही देतो.

या पानावर आपण दर अंकात जमिनीच्या केसेसबद्दल लिहितो. या वेळी त्या आतल्या पानांवर आहेत. इथे रक्ताबद्दल आणि पाल्याबद्दल लिहायचं आहे, कारण १९९० च्या दशकात जगात या बाबतीत जे घडलं ते आपल्या जमिनीच्या लढ्याचंच दुसरं तोंड आहे. वर्तमानपत्रांत १९९७ च्या फेब्रुवारीपासून डॉली मेंढीचेच फोटो होते. स्कॉटलंडमध्ये एका मेंढीच्या कासेतल्या पेशीपासून दुसरी हुबेहूब मेंढी तयार केली. २७७ वेळा खटपट केली तेव्हा एक जगली. बातमी मोठीच होती, आपल्या बैठकीतही निघाली. तेव्हा एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "मेंढी केली ते ठीक. पण ती कुणाची? जिची कास तिच्या धन्याची, का डॉक्टरची?" सगळे हसले. पण हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तिकडच्या मोठमोठ्या कोर्टांत हाच प्रश्न चालला, फक्त मेंढीच्या जागी माणूस होता.

आधी पेशी म्हणजे काय ते. मधमाशांचं पोळं जसं बारीक बारीक घरांचं बनतं तसं आपलं अंग पेशींचं बनतं. डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या बारीक. जवळजवळ प्रत्येक पेशीत एक लांबच लांब दोरा गुंडाळून ठेवलेला असतो, त्याला डीएनए म्हणतात. आईबापाकडून काय काय आलं, रक्त कसं बनवायचं, कुठला आजार पिढीतून पुढे जाणार, हे त्या दोऱ्यावर लिहिलेलं असतं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शास्त्रज्ञ हे लिखाण वाचायला शिकले. ही खरोखरच मोठी विद्या आहे, तिला नावं ठेवायचं काही कारण नाही.

अंगातून काढलेल्या पेशी बाहेर फार दिवस जगत नाहीत. पण काही पेशी, विशेषतः कॅन्सरच्या किंवा काही विषाणू शिरलेल्या, मरतच नाहीत. बाटलीत खुराक घातला की वाढत राहतात, एकीच्या दोन, दोनाच्या चार, अशा वर्षानुवर्षं. अमेरिकेत बाल्टिमोर शहरात १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स नावाची एक काळी बाई गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरने वारली. तंबाखूच्या शेतात राबलेली, पाच लेकरांची आई. इस्पितळाने तिला न विचारता तिच्या गाठीचा तुकडा काढून ठेवला होता. त्या पेशी आजही जिवंत आहेत. पोलिओची पहिली लस तपासायला त्या वापरल्या. जगातल्या किती प्रयोगशाळांत त्या गेल्या याची गणती नाही, आणि कंपन्यांनी त्या पैसे घेऊन विकल्या. घरच्यांना हे कळलं वीस वर्षांनी. आईच्या पेशी जगभर फिरत होत्या आणि तिच्या लेकरांकडे दवाखान्याला पैसे नव्हते.

तिथे निदान पेशींची मालकी कुणी कागदावर लिहून घेतली नव्हती. पुढे तेही सुरू झालं. त्या कागदाला पेटंट म्हणतात. सरकार एखाद्याला लिहून देतं की ही गोष्ट तू शोधलीस, आता वीस वर्षं ती बनवायचा आणि विकायचा हक्क तुझा, दुसऱ्या कुणी केली तर तू खटला भर. पूर्वी हे यंत्रांना, रंगांना, औषधांना मिळायचं. १९८० साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ते जिवंत वस्तूलाही दिलं. आपल्याच देशातून तिकडे गेलेले आनंद चक्रवर्ती नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी सांडलेलं तेल खाणारे जंतू तयार केले होते. नऊ न्यायाधीशांपैकी पाच म्हणाले, जिवंत आहे की निर्जीव ते बघायचं नाही, माणसाने घडवलं आहे का तेवढं बघायचं. चार म्हणाले नाही. एका मताने बांध फुटला.

जॉन मूर हा अमेरिकेतलाच गोरा माणूस, कष्टकरी. रक्ताचा कॅन्सर झाला म्हणून १९७६ साली कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठाच्या इस्पितळात त्याची पाणथरी काढली. नंतर तपासणी म्हणून त्याला सात वर्षं पुन्हा पुन्हा बोलावून रक्त घेत राहिले. त्याच्या पेशींवर १९८४ साली डॉक्टरच्या नावाने आणि विद्यापीठाच्या मालकीचं पेटंट निघालं. मूर कोर्टात गेला. १९९० साली निकाल आला की डॉक्टरने आपला फायदा त्याला आधी सांगायला हवा होता, ते त्याचं चुकलं. पण अंगातून निघून गेलेल्या पेशींवर मूरची मालकी नाही.

हे वाचून आपल्याला १८७८ चा जंगल कायदा आठवतो. तो आला तेव्हा आपले पणजोबा जंगलातच होते. जंगल जागचं हललं नाही, माणसंही हलली नाहीत, फक्त दूर कुठेतरी एक कागद झाला. त्या कागदाने मालक झाले ते आणि अतिक्रमण करणारे झालो आपण.

आता आपल्यासारख्या माणसांची गोष्ट. पापुआ न्यू गिनी नावाचा देश आहे, ऑस्ट्रेलियाच्या वरच्या अंगाला. तिथल्या डोंगरात हागाहाई नावाची जमात राहते, दोन-तीनशे माणसांची. १९८४ पर्यंत बाहेरच्या जगाशी त्यांचा जवळपास संबंध नव्हता. माणसं आजारांनी मरायला लागली म्हणून ती औषध मागायला स्वतःच खाली उतरली. काही वर्षांनी त्यांचं रक्त तपासलं तेव्हा एका तरुणाच्या पेशींत वेगळ्या तऱ्हेचा एक विषाणू सापडला. त्या पेशी अमेरिकेत नेल्या, बाटलीत वाढवल्या, आणि १४ मार्च १९९५ रोजी त्यांवर अमेरिकन सरकारच्या आरोग्य संस्थेला पेटंट मिळालं. नंबर ५३९७६९६. दोनशे-तीनशे माणसांच्या जमातीतल्या एका पोराच्या रक्ताचा हा सर्व्हे नंबर म्हणा.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे, ती लपवायची नाही. ज्या संशोधकबाई हागाहाईंमध्ये काम करत होत्या त्या तिथे वर्षानुवर्षं राहून औषधपाणी करत होत्या. पेटंटमधून काही मिळालं तर त्यातला अर्धा वाटा हागाहाईंना देण्याचं ठरलं होतं असं त्यांचं म्हणणं. असेलही. माणूस वाईट होता असं आम्ही म्हणत नाही. पण ज्यांना पेटंट हा शब्दही माहीत नव्हता त्यांनी त्याला हो म्हटलं, हे कसं मानायचं? जगभर बोभाटा झाला. त्यांच्या सरकारने विचारणा केली, आदिवासींच्या संघटना उठल्या, आणि १९९६ च्या अखेरीस अमेरिकन सरकारने त्या पेटंटवरचा हक्क सोडून दिला. न सांगता घेतलं होतं, ओरडल्यावर सोडलं.

त्याआधी पनामा देशातल्या ग्वायमी आदिवासींच्या बाबतीतही असंच घडलं. आजारी असलेल्या एका २६ वर्षांच्या ग्वायमी बाईचं रक्त घेतलं, त्या पेशींवर पेटंट मागितलं. अर्जावर नाव कुणाचं? अमेरिकेच्या व्यापारमंत्र्याचं! ग्वायमींच्या महासभेचे अध्यक्ष इसिद्रो अकोस्ता यांनी थेट त्या मंत्र्याला पत्र लिहिलं की अर्ज मागे घ्या आणि पेशी परत करा. १९९३ च्या नोव्हेंबरात अर्ज मागे घेतला गेला. आपल्या महासभेसारखीच त्यांची महासभा, आपल्यासारखेच लोक. एका पत्राने सगळं झालं असं नाही, पण पत्र गेलं म्हणून सुरुवात झाली.

याच काळात, १९९१ पासून, काही नामवंत शास्त्रज्ञांनी एक मोठी योजना मांडली होती. जगातल्या शेकडो जमातींचं रक्त आणि केस गोळा करून त्यांचा डीएनए साठवायचा. माणूस कुठून कुठे पसरला, कोण कुणाचा भाऊबंद, कुठल्या जमातीला कुठला आजार का होतो, हे त्यातून कळेल असं ते म्हणत. कळेलही. त्यातले काही जण वंशभेदाच्या कट्टर विरोधातले होते, हेही खरं. पण घाई कशाची, तर या जमाती लवकरच नाहीशा होणार आहेत म्हणून! रक्त साठवायला पैसा होता. जमात नाहीशी होऊ नये म्हणून तिची जमीन तिला द्या, असं मात्र त्या योजनेत कुठेच नव्हतं. जगातल्या आदिवासींनी या योजनेला रक्तपिपासू हे नाव ठेवलं ते उगाच नव्हे.

एवढं वाचून कुणी म्हणेल, ठरलं तर मग, उद्यापासून सुईवाला पाड्यावर दिसला की हाकलून द्यायचा. साथींनो, तसं करू नका. हे आम्ही जोर देऊन लिहितो आहोत, कारण आपल्या घरांत एक आजार आहे ज्याला रक्त तपासल्याशिवाय ओळखता येत नाही. सिकलसेल.

निरोगी रक्ताच्या तांबड्या पेशी गोल असतात. सिकलसेल असलेल्या माणसाच्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात. तान्ह्या लेकराचे हातपाय सुजतात, मोठ्यांचे सांधे, पाठ, छाती असह्य दुखते, डोळे पिवळे होतात, धाप लागते, ताप आला तर तो जिवावर बेततो. आपल्या देशात हा आजार पहिल्यांदा सापडला १९५२ साली, निलगिरीच्या आदिवासींत. सातपुड्यातल्या भिल्ल-पावऱ्यांत तो आहे, विदर्भात गोंड-माडियांत आहे, आणि आदिवासी नसलेल्यांतही आहे. पुष्कळ घरांत पोर वारंवार दुखण्याने रडतं, घरचे बाहेरचं लागलं म्हणतात, कोंबडं कापतात, आणि दोष जातो बिचाऱ्या आईवर किंवा शेजारच्या म्हातारीवर. डाकीण म्हणून बाया मारल्या जातात त्या मुलखात हा आजार ओळखणं म्हणजे केवळ डॉक्टरकी नव्हे.

तो आला कसा? आईबाप दोघांकडून. दोघांच्या रक्तात अर्धा-अर्धा गुण असेल तर दोघंही धडधाकट दिसतात, कामाला वाघ. पण त्यांच्या प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता आजारी लेकराची, चारात दोन त्यांच्यासारख्याच अर्ध्या गुणाच्या लेकराची, आणि चारात एक पूर्ण मोकळ्या लेकराची. मग हा गुण जंगल मुलखातच इतका का? १९५४ साली आफ्रिकेत काम करणाऱ्या अॅलिसन नावाच्या डॉक्टरने याचं उत्तर दिलं. अर्धा गुण असलेल्याला जिवावरचा मलेरिया सहसा मारत नाही. म्हणजे हिवतापाच्या जंगलात आपले पूर्वज तगले त्यात या गुणाचाही हात आहे. आपलं रक्त खराब आहे, आपण जवळच्या नात्यात लग्नं करतो म्हणून हे झालं, असं कुणी टोचून बोललं तर त्याला हे सांगा.

यावर आणखी एक गोष्ट अशी की जानेवारी १९९५ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २९९ रोग्यांवर केलेल्या चाचणीचा निकाल लागला. हायड्रॉक्सीयुरिया नावाचं औषध, रक्ताच्या कॅन्सरवर पूर्वीपासून वापरात असलेलं, रोज दिलं तर दुखण्याचे झटके जवळजवळ निम्म्यावर येतात. फायदा इतका स्पष्ट दिसला की चाचणी वेळेआधीच थांबवली. आजार मुळातून जात नाही, औषध आयुष्यभर घ्यावं लागतं, वरचेवर रक्त तपासावं लागतं, गरोदर बाईला देऊ नये. म्हणजे जवळ दवाखाना हवा, तिथे डॉक्टर हवा. आपल्या आरोग्य केंद्रात कुत्रा चावल्याची सुई मिळत नाही तिथे हे कधी मिळणार, हा प्रश्न आम्हालाही पडतो. पण मागायचं काय हे आता माहीत झालं. तोवर भरपूर पाणी, थंडीत पांघरूण, फॉलिक अॅसिडची गोळी, आणि ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना, एवढ्यानेही लेकरं तगतात.

म्हणून रक्त द्यायचं. पण देताना विचारायचं. आपल्या भागात काही पाड्यांवर गेल्या हिवाळ्यात एक पथक असंच येऊन गेलं. घरटी माणसांचं रक्त नेलं, इंग्रजी कागदावर अंगठे घेतले. वर्ष होत आलं. एकाही घरी चिठ्ठी आली नाही की कुणाला काय आहे. कुणाच्या तरी लेखात आपल्या पाड्याचं नाव आणि टक्केवारी छापून येईल, पण ज्या पोरीचे सांधे सुजतात तिच्या आईला काही कळणार नाही. ही पाहणी झाली, तपासणी नव्हे. तपासणी म्हणजे ज्याचं रक्त त्याला निकाल, तोही त्याच्या भाषेत, आणि गुपचूप. चावडीवर वाचून दाखवायचा नाही, कारण मग लग्नं मोडतात आणि ती पोरींचीच मोडतात.

आता पाल्याकडे वळू. हळदीचा खटला आपण जिंकलो हे १९९७ च्या ऑगस्टमध्ये सगळ्यांनी ऐकलं. जखमेवर हळद लावली की ती भरते, यावर अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राने मार्च १९९५ मध्ये पेटंट मिळवलं होतं. संशोधक दोघंही मूळचे आपल्याकडचेच. दिल्लीच्या सीएसआयआर या सरकारी संस्थेने, तिचे तेव्हाचे प्रमुख डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या पुढाकाराने, त्याला आव्हान दिलं आणि ते रद्द करून घेतलं. चांगलं झालं, अभिनंदन. पण जिंकले कशाच्या जोरावर ते नीट बघा. जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ साली डॉक्टरांच्या मासिकात छापलेला एक लेख, असे छापील पुरावे पुढे ठेवले. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यात, दुसऱ्या देशातले लोक पिढ्यान् पिढ्या एखादी गोष्ट करत आले आहेत एवढ्याने भागत नव्हतं. ती कुठेतरी छापलेली असावी लागायची. हळदीला ग्रंथ होते. आपल्या वैदूकडे मोडलेल्या हाडाला बांधायचा पाला आहे, त्याला ग्रंथ कुठला? वहिवाट आहे पण कागद नाही, हे वाक्य आपण कोर्टात किती वेळा ऐकलं आहे! कडुनिंबाचा खटला युरोपात १९९७ साली चालूच होता. तिथे अमेरिकेचं शेतकी खातं आणि ग्रेस नावाची कंपनी समोर होती.

केरळातली एक गोष्ट याहून जवळची. अगस्त्य डोंगरात काणी आदिवासी राहतात. १९८७ साली काही शास्त्रज्ञ त्यांना वाटाड्या म्हणून घेऊन जंगल हिंडत होते. शास्त्रज्ञ थकून बसले, काणी पोरं मात्र ताजीतवानी. चालता चालता ती कसलीशी बारीक फळं खात होती. ही कसली, विचारलं तर आधी सांगेनात, जमातीचं गुपित म्हणाले. शेवटी दाखवलं. झाडाचं नाव आरोग्यपच्चा. तिरुवनंतपुरमच्या वनस्पती संस्थेने त्यावर काम करून त्यापासून जीवनी नावाचं औषध बनवलं आणि १९९५ साली ते एका आयुर्वेदिक कंपनीला बनवायला दिलं. दहा लाख रुपये ठोक आणि विक्रीवर शेकडा दोन. त्यातलं अर्धं काणींना देण्याचं संस्थेने ठरवलं. आपल्या देशात असं पहिल्यांदाच होत होतं, त्याबद्दल त्या शास्त्रज्ञांना मान द्यायला हवा.

पण गोष्ट इथेच संपत नाही. काही काणी वैदूंनी हरकत घेतली की आमची विद्या कंपनीला द्यायची हे आम्हाला विचारलं कुणी? दोन-तीन पोरांनी दाखवलं म्हणजे सगळ्या जमातीने दिलं का? आणि दुसरी अडचण तर आपल्या ओळखीची. औषधाला पाला लागतो. काणी कुटुंबांनी तो लावायला सुरुवात केली, तर वनखातं आडवं आलं. जंगलातलं झाड, तुम्ही काढून विकणार कसे? म्हणजे माहिती त्यांची, फायद्यात वाटा त्यांचा, आणि झाडाला हात लावायला परवानगी गार्डची. जमीन आणि जंगल ज्याच्या हातात नाही त्याच्या हातात विद्येचा वाटा टिकत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

कायदे काय म्हणतात? १९९२ साली ब्राझीलमध्ये रिओ शहरात जैवविविधतेचा जागतिक करार झाला. भारत त्यात आहे. झाडं, बी, प्राणी यांवर ज्या त्या देशाचा हक्क, आणि स्थानिक लोकांची विद्या वापरायची तर त्यांच्या संमतीने, फायदा वाटून, असं त्यात लिहिलं आहे. ऐकायला गोड आहे. पण देशाचा हक्क म्हणजे गावाचा हक्क नव्हे, हे जंगलाच्या बाबतीत आपण शंभर वर्षं भोगतो आहोत. आणि माणसाचं रक्त या करारात येतच नाही. १९९५ साली जकार्ताच्या बैठकीत तसं ठरवूनच टाकलं. दुसरीकडे जागतिक व्यापार संघटनेमुळे आपला १९७० चा पेटंट कायदा बदलायचा दबाव होता. २००५ पर्यंत आपल्याकडे औषधाच्या कृतीवर पेटंट मिळायचं, औषधावर नाही, म्हणूनच गोळ्या स्वस्त होत्या. तो कायदा वाकला तर सिकलसेलचं पुढचं एखादं चांगलं औषध आपल्याला दुकानाच्या काचेतूनच बघावं लागेल, ही भीती होती.

हातात आहे तो २४ डिसेंबर १९९६ चा अनुसूचित क्षेत्रांचा पंचायत कायदा. त्यात ग्रामसभेला आपल्या रूढी, आपली ओळख आणि गावाची साधनसंपत्ती जपायला समर्थ म्हटलं आहे. राज्यांनी आपापले कायदे एका वर्षात त्याला जुळवायचे होते, मुदत डिसेंबर १९९७ मध्ये संपत होती. १९९७ च्या जुलैत समता खटल्यात सुप्रीम कोर्टाने आंध्रच्या आदिवासी भागात खाणींसाठी बाहेरच्यांना दिलेले पट्टे बेकायदा ठरवले, तेव्हा कोर्टही कधी कधी ऐकतं. आमचं म्हणणं असं की साधनसंपत्ती म्हणजे फक्त डिंक-टेंभुर्णी नव्हे. वैदूची विद्या, घरातलं बी आणि अंगातलं रक्त हीसुद्धा त्यात धरा आणि ग्रामसभेत तसा ठराव करा. कायद्यात शब्द नाही असं कुणी साहेब म्हणतील. म्हणू द्या. ठराव झाला की तो कागद होतो, आणि कागदाची किंमत आपल्याला माहीत आहे.

ठरावात एवढं यावं. कुणालाही रक्त, बी किंवा औषधी पाला न्यायचा असेल तर आधी ग्रामसभेत येऊन आपल्या बोलीत सांगावं की कशासाठी, पैसा कुणाचा, नमुना कुठे जाणार, किती दिवस ठेवणार. सांगितलेल्या कामाशिवाय दुसऱ्या कामाला वापरायचा नाही आणि त्यावर कुणीही पेटंट मागायचं नाही, असं लिहून द्यावं. रक्ताचा निकाल ज्याचा त्याला ठरलेल्या मुदतीत घरपोच. आणि ग्रामसभेने हो म्हटलं तरी ज्या माणसाला नाही म्हणायचं त्याच्यावर जबरदस्ती नाही, बायांवर तर मुळीच नाही. नवऱ्याचा अंगठा बायकोच्या रक्ताला चालणार नाही.

वैदूंच्या विद्येची वही करावी का, यावर आपल्यात एकमत नाही. माधव गाडगीळ आणि त्यांचे सोबती १९९० च्या दशकात काही राज्यांत गावकऱ्यांकडून अशा नोंदवह्या लिहून घेत होते. लिहिली तर पुरावा राहतो, पण उघडी राहिली तर चोरालाही वाट सापडते. काही वैदू म्हणतात औषध सांगितलं की त्याचा गुण जातो. त्यांना अडाणी म्हणून उडवून लावू नका. गुण जातो की हक्क जातो, दोन्ही जवळ जवळचंच आहे. आम्हाला वाटतं की सगळ्यांना ठाऊक असलेला पाला लिहावा आणि तारखेसह ग्रामसभेचा शिक्का मारावा. वैदूची खास विद्या त्याने ठरवलेल्या चेल्यालाच द्यावी. वही गावातच राहील, फोटोकॉपी कुणाला नाही. यावर वैदूंनी स्वतः बोलायला हवं. जानेवारीच्या बैठकीला प्रत्येक गावाने आपला एक वैदू किंवा दाई सोबत आणावी.

त्याआधी एक काम. मागच्या तीन वर्षांत तुमच्या पाड्यावर रक्त, बी किंवा पाला न्यायला कोण आलं होतं, कुठल्या महिन्यात, किती घरांतून काय नेलं, कसल्या कागदावर अंगठा घेतला आणि परत काय आलं, हे शाळेतल्या पोरांकडून एका कागदावर लिहून १५ डिसेंबरपर्यंत कार्यालयात पाठवा. गाडीचा नंबर आठवत असेल तर तोही. कागदाची नक्कल कुणी ठेवून गेलं असेल तर ती फेकू नका, पीठ चाळायला घेऊ नका, जमिनीच्या पावत्यांसोबत डब्यात ठेवा आणि येताना घेऊन या.